फरक अठरा हजारांचा

आमच्या घरात रोकड जुळल्याशिवाय कोणी जेवत नसे. हे ऐकून लोकांना वाटतं, यांची मोठी पेढी असेल. कसली पेढी अन कसलं काय! बाबा मलकापुरात कापसाच्या एका अडत दुकानात मुनीम होते. रोकड शेठची, वही शेठची, उपास मात्र आमचा. संध्याकाळी बाजार उठला की दिवसभराची आवक-जावक वहीत मांडायची, पेटीतले पैसे मोजायचे आणि दोन्ही आकडे एक आले की मगच बाबांनी गादीवरून उठायचं. रुपयाचा फरक निघाला तरी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. इकडे आई भाकरी झाकून ठेवायची आणि आम्ही मायलेकी दाराकडे बघत बसायचो. कधीकधी बाबा मधेच घरी यायचे, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचे आणि चपला सरकवून परत दुकानात जायचे. मी विचारायची, "जुळली काय, बाबा?" ते म्हणायचे, "जुळून राह्यली." आणि अर्ध्या तासात खरोखर जुळवून यायचे. हातपाय धुऊन पाटावर बसले की आईला म्हणायचे, "वाढ व आता."

चाळीस वर्षांत मुनीमजींनी रोकड न जुळवता एकदाही वही मिटली नाही, असं अख्खा बाजार सांगायचा. मला त्याचा भारी अभिमान. शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात, तर मी उभी राहून म्हटलं होतं, "रोकड जुळवतात." पुढे दुकानात कॉम्प्युटर आला, बाबा घरी बसले, तरी तो अभिमान काही गेला नाही. आणि तोच मला एम.कॉम.मध्ये भोवला.

माझे सगळे पेपर निघाले होते, एक सोडून. कंपन्यांच्या हिशेबाचा. ऐंशी मार्कांचा पेपर, सोळा-सोळाचे पाच प्रश्न, पासिंगला बत्तीस. त्यात कर्जरोखे, घसारा असं सगळं असतंच, पण खरा राक्षस म्हणजे एकत्रित ताळेबंद. एक मोठी कंपनी असते, तिनं दुसऱ्या कंपनीचे बरेचसे शेअर घेतलेले असतात. दोघींचे ताळेबंद समोर ठेवायचे आणि दोघींचं मिळून एकच घर आहे असं दाखवायचं. एकमेकींकडचं देणंघेणं खोडायचं. एकीनं दुसरीला नफा लावून विकलेला माल अजून गोदामातच पडून असेल, तर तो नफा खरा धरायचा नाही. बाहेरच्या भागधारकांचा वाटा बाजूला काढायचा. असं सगळं करून शेवटी डावीकडची आणि उजवीकडची बेरीज सारखी यायला हवी. ती येते का? येत नाही. निदान पहिल्या झटक्यात तरी येत नाही.

पहिल्या वेळी मी पहिलाच प्रश्न तो घेतला. फरक आला. आता माझ्यासारखी पोरगी फरक टाकून पुढे जाईल? बाबांनी शिकवलं होतं, फरकाला नऊनं भाग गेला तर समजायचं की आकडे उलटसुलट पडलेत. अर्धा करून बघायचा, तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला बसली असेल. मी नऊनं भागलं, अर्धा केला, एकेक ओळ बोटानं तपासली. फरक सापडला! ताळेबंद जुळला! जीव भांड्यात पडला आणि घड्याळाकडे पाहिलं तर दोन तास होऊन गेलेले. उरलेल्या तासात दुसरा प्रश्न पुरा झाला, तिसरा अर्धा राहिला. घरी आले तर बाबा दारापुढच्या ओट्यावर बसलेले. त्यांचा एकच प्रश्न.

"जुळला काय?"

"जुळला, बाबा."

"मंग झालं," म्हणाले आणि आईला हाक मारली, "वाढ व पोरीले."

निकाल आला, सत्तावीस. दुसऱ्या वेळी तीस. तिसऱ्या वेळी सव्वीस. तिन्ही वेळा ताळेबंद जुळलेला! बाबांना काही केल्या हे कळत नव्हतं. "जुळला होता ना? मंग नापास काऊन?" तिसऱ्या खेपेला तर त्यांनी ठरवूनच टाकलं की पेपर तपासणारालाच हिशेब येत नाही. चार लोकांत बसून तसं बोलायलाही लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण मला माहीत होतं की पेपर तपासणाराची काही चूक नाही. मी एका गणिताला धरून बसत होते आणि अडीच गणितं कोरी ठेवून येत होते. हे बाबांना सांगायची माझी हिंमत नव्हती. सांगणार तरी काय? तुमचीच सवय मला बुडवते आहे म्हणून?

चौथी वेळ शेवटची होती. त्यानंतर माझी मुदत संपत होती. सगळे पेपर, निघालेलेसुद्धा, पहिल्यापासून द्यावे लागले असते. त्यात इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची जागा माझ्यासाठी अडवून ठेवली होती. प्राचार्य मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं, "उन्हाळ्यात पास हो, जुलैपासून ये. नाहीतर मी दुसरी बघणार." दुसरी कोण ते मला ठाऊक होतं. ती एम.कॉम. पहिल्याच दमात झाली होती आणि भेटेल तेव्हा माझी विचारपूस करायची. त्या विचारपुशीनं माझं पित्त खवळायचं.

फेब्रुवारीपासून मला नीट झोप नव्हती की अन्न गोड लागत नव्हतं. मोबाइलवर पुण्याच्या एका बाई हा विषय शिकवायच्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणायच्या, "सोप्पं आहे की नाही?" अहो बाई, सोपं असतं तर तोच व्हिडिओ मी अकराव्यांदा कशाला पाहिला असता! मी मोबाइल उशीखाली दाबून ठेवायची आणि पाच मिनिटांनी परत काढायची.

आईला माझी काळजी वाटायची, पण ती काळजी टोमण्यातूनच बाहेर यायची. मी मोठ्यानं वाचत होते, कंपनीनं शंभराचा रोखा पंच्याण्णवला विकला, पाच वर्षांनी एकशे पाच देऊन परत घेणार, मधला दहाचा तोटा पाच वर्षांत वाटून टाकायचा. आई कांदा चिरता चिरता म्हणाली, "पंच्याण्णव घेते अन एकशे पाच देते? कोन येडा हाये व तो?" घसाऱ्याचं ऐकून म्हणाली, "माह्यावर लाव तो घसारा. या घरात इतके वर्सं झाले, भंगाराच्या भावात तरी जाईन काय मी, पाह्य." मला हसू यायला हवं होतं. मी वही आपटून खोलीत निघून गेले.

मला वाचवलं ते संग्रामपूरच्या माझ्या मैत्रिणीनं. ती माझ्याबरोबर शिकली, आता मलकापुरातच खोली घेऊन राहते आणि एका दुकानाचे जीएसटीचे हिशेब बघते. माझ्या तिन्ही उत्तरपत्रिकांची हकीकत ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

"काऊन बे, तुले काय त्या ताळेबंदासंग लगन लावाचं हाये?"

"जुळल्याशिवाय सोडवत नाही गं."

"सोडवत नाही म्हंजे? ओळी-ओळीचे मार्क असतात, माय! शेवटची बेरीज चुकली तर एक नाही तं दोन कापतात. तू दोन मार्कासाठी चाळीस सोडून येतं. असा धंदा मारवाड्यानं केला तं त्याले घरातून काढून देतीन."

मग तिनं मला सोडायला शिकवायला सुरुवात केली. हो, सोडायला. रोज संध्याकाळी तिच्या खोलीवर जायचं, मोबाइलवर पस्तीस मिनिटांचा गजर लावायचा आणि एकत्रित ताळेबंदाचं गणित घ्यायचं. गजर झाला की ती माझ्या हातातून वही ओढून घ्यायची. जुळलेलं असो, नसो. पहिल्या दिवशी मी तिच्याशी अक्षरशः झोंबाझोंबी केली. "एक मिनिट, एकच मिनिट, सापडलाय फरक!" ती वहीवर बसली. बसली म्हणजे खरंच बसली. मला अंगावर मुंग्या चढल्यासारखं झालं. घरी येऊन मी आकडे आठवून आठवून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर तोच ताळेबंद मांडला, जुळवला आणि मगच जेवले. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "घरी जाऊन जुळवला ना?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "खोटारडी."

महिनाभर हे चाललं. मी शिकले का, ते माझं मलाच कळत नव्हतं.

परीक्षेचं केंद्र बुलढाण्याला. मे महिन्याचं ऊन, पेपर दुपारी दोनचा. आईनं पर्समध्ये कांदा टाकला, ऊन लागू नये म्हणून, आणि वर बजावलं, "पेपरात नोको काढू त्याले, पर्समध्येच राहू दे." बाबा स्टँडपर्यंत आले. बस सुटताना खिडकीजवळ येऊन म्हणाले, "घाई करू नोको. जुळल्याबिगर उठू नोको." मी मान हलवली. मोताळा गेलं, घाट आला, आणि बस वर चढत असताना माझ्या पोटात ते वाक्य तसंच बसून होतं.

पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न एकत्रित ताळेबंदाचा, नेहमीसारखा. मैत्रिणीनं सांगितलं होतं की तो शेवटी घे. पण माझी हाडाची खोड. मी पहिलाच घेतला. भराभर ओळी पडत गेल्या. बाहेरच्यांचा वाटा निघाला, देणंघेणं खोडलं, घसाऱ्याची दुरुस्ती झाली. दोन्ही बाजूंची बेरीज मारली.

फरक अठरा हजार.

अठराला नऊनं भाग जातो. अठराचा अर्धाही होतो. म्हणजे दोन्ही वाटांनी शोधत बसायला मोकळी! मी वर घड्याळ पाहिलं, छत्तीस मिनिटं झालेली. माझा हात सरळ पहिल्या ओळीवर गेला. मी एक ओळ तपासली. दुसरी तपासली. मला स्पष्ट दिसत होतं की काय चाललंय: हेच तीन वेळा केलंय, हीच चौथी वेळ, ही जागा गेली, सगळे पेपर गेले, ती विचारपूस करणारी आता आयुष्यभर विचारपूस करणार. आणि तरी बोट तिसऱ्या ओळीवर सरकत होतं. वेडेपणा याहून वेगळा काय असतो? मला स्वतःचा इतका राग आला की मी डाव्या हातानं उजवा हात धरला. पर्यवेक्षक सर जवळ येऊन म्हणाले, "बरं नाही वाटत का? पाणी पाहिजे?"

मी नाही म्हटलं. त्या दोन वेगवेगळ्या बेरजांच्या खाली मी रेघ मारली. अशा बेरजा खाली ठेवून पान उलटणं म्हणजे दोन पायांत दोन जातीच्या चपला घालून बाजारात जाणं. डोळ्यांत पाणी आलं होतं. पान उलटलं.

पुढचे चारही प्रश्न सोडवले. रोख्यांचा दहा रुपयांचा तोटा पाच वर्षांत वाटला. यंत्रावर आधी दरवर्षी सारखा आणि मग उरलेल्या किमतीवर घसारा लावला. चारही कसे सोडवले ते विचारू नका, प्रत्येक ओळीला मन मागच्या पानाकडे धावत होतं. पण शेवटचा प्रश्न संपला आणि तीन मिनिटं उरली. आयुष्यात पहिल्यांदा मी हा पेपर पुरा केला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ताळेबंद न जुळवता उठले होते.

परत येताना घाट उतरताना एकदम उजेड पडला. गोदामातल्या मालावरचा नफा! अठरा हजार! तो मी नफ्यातून वजा केला होता आणि मालाच्या किमतीतून करायचा राहिला होता. एक ओळ. पाच सेकंदांचं काम. मी समोरच्या सीटच्या दांडीवर डोकं टेकवलं. शेजारच्या आजीबाईंना वाटलं मला बस लागली, त्यांनी पिशवीतून आवळासुपारी काढून दिली.

दिवेलागणीला घरी पोचले. बाबा ओट्यावर. चपलाही काढू दिल्या नाहीत.

"जुळला काय?"

तीन वेळा खरं उत्तर दिलं होतं आणि तीन वेळा नापास झाले होते. या वेळी खोटं बोलावं असं फार वाटलं.

"नाही जुळला, बाबा. सोडून दिला."

"केवढ्यानं?"

"अठरा हजारानं."

बाबा उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून मी घाबरले, इतका तो उतरला होता. "अठरा हजार!" ते हळूच म्हणाले, आणि मग मला म्हणाले, "मंग भरन कोन ते?"

मला आधी कळलंच नाही. "बाबा, कोणी भरत नाही. त्या कंपन्याच खोट्या आहेत. पेपरातल्या आहेत."

"ते ठीक हाये. पण कमी पडले ना? कमी पडले तं कोनाले तरी भराच लागतात." आणि ते आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला उठले नाहीत. मीही ताटावर बसले नाही. मी माझ्या बापाला तोंडघशी पाडलं, एवढंच डोक्यात. पास-नापास त्या वेळी आठवतसुद्धा नव्हतं.

आईचा मात्र भडका उडाला. तिनं भाकरीची टोपली जमिनीवर ठेवली, आपटलीच म्हणा.

"जेव तू! त्याह्यचं काय घेऊन बसली! त्याह्यची रोकड रोज जुळे, हाव ना? कशी जुळे ते इचारलं काय कधी? या डब्यातून जुळे!" तिनं फळीवरचा डाळीचा डबा खाली काढून माझ्यासमोर ठेवला. "यात मी किराण्याचे पैसे ठेवो. शेठचा कायदा होता, कमी पडलं ते मुनीमाचं अन जास्त निघालं ते पेढीचं. पंधरा कमी पडले, आले घरी, नेले. चाळीस कमी पडले, आले, नेले. तुले वाटे बाप पानी प्याले आला!"

मी खोलीकडे पाहिलं. बाबा जागे होते, मला त्यांची पाठ दिसत होती. ती हलली नाही. मला आठवत राहिलं, चपला सरकवून परत जाणं, "जुळून राह्यली" म्हणणं. ज्या चाळीस वर्षांचा मी शाळेत उभी राहून अभिमान सांगितला, ती आईच्या डाळीच्या डब्यातून भरली होती. मी आईवर ओरडले, आधी का नाही सांगितलं म्हणून. ती म्हणाली, "त्याह्यनं शपथ घातली होती." आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

त्यानंतर निकाल लागेपर्यंत बाबा आणि मी त्या विषयावर बोललो नाही. दीड महिना. ते पेपर वाचायचे, मी भाजी निवडायची. प्राचार्य मॅडमचा फोन येईल म्हणून मोबाइल हातात घेऊन मी न्हाणीघरातही जायची. रात्रंदिवस एकच आकडा, अठरा हजार.

निकाल मोबाइलवर आला. नंबर टाकताना माझी बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पान उघडलं. पंचेचाळीस. मी तिथेच फरशीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. आई धावत आली, तिला वाटलं गेला चौथ्यांदा. मैत्रिणीला फोन केला तर ती फोनवरच किंचाळली. मॅडम म्हणाल्या, "एक तारखेपासून ये."

बाबा ओट्यावर होते. मी जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा लावून मोबाइल हातात घेतला आणि तो आकडा बराच वेळ पाहिला.

"बाकीचे चार गणितं बरोबर आले असतीन," ते म्हणाले. "त्या न जुळलेल्याले शून्य असन."

"शून्य कशाला, बाबा? जेवढ्या ओळी बरोबर, तेवढ्यांचे मार्क देतात. त्या एका चुकीचे एक-दोन कापले असतील."

"न जुळलेल्याचेबी देतात?"

"देतात."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. आत आईनं भाकरी थापायला घेतली होती, थापण्याचा आवाज थांबला.

"मले हे कोनं सांगतलंच नाही, पोरी," बाबा म्हणाले.